रिपोर्टमधली ती एक ओळ

"अगं, दुखणं माझ्या पायाचं आणि तपासणी पेटची? हिंदीत पेट म्हणजे पोटच ना?"

शहरातल्या स्कॅन सेंटरच्या बाकावर बसल्या बसल्या अक्कांनी मला विचारलं आणि तशा परिस्थितीतही आम्ही दोघी हसलो. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ५८. आयुष्य शेतात आणि चुलीपुढे गेलेलं. त्यांच्या उजव्या टाचेवर दीड-दोन वर्षांपूर्वी एक काळा डाग दिसायला लागला. काटा मोडला असेल, म्हणून सुईनं कोरून झालं. रुईचा चीक लावून झाला. मग कुरूप समजून मेडिकलमधून पट्ट्या आणल्या. डाग काही जाईना, उलट पसरत गेला आणि एक दिवस चपलेत रक्त दिसलं. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टात शब्द आला, मेलानोमा. म्हणजे त्वचेचा कॅन्सर.

टाचेचं ऑपरेशन झालं, मांडीची कातडी काढून तिथे लावली. जांघेतली एक गाठही काढली. तिच्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता हे आणखी कुठे गेलंय का, ते बघायला पेट स्कॅन करून घ्या."

त्या स्कॅनमध्ये जे शोधायला गेलो होतो ते सापडलं नाही. सापडलं ते भलतंच. आज सांगायची आहे ती त्याचीच गोष्ट.

पायाच्या दुखण्यात आतडं कुठून आलं?

आपल्या कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांमध्ये तो उन्हामुळे होतो, असं आपण वाचलेलं असतं. आपल्याकडे त्वचेचे कॅन्सर मुळात कमी आणि त्यातही मेलानोमा कमीच. पण सावळ्या वर्णाच्या माणसांत तो झालाच तर बहुतेकदा अशा जागी होतो जिथे ऊन पोचतही नाही. पायाचा तळवा, हाताचा तळवा, नखाखालची जागा. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच कॅन्सर निघाला आणि १९८१ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

हा कॅन्सर एका जागी राहत नाही. जवळच्या गाठींत जातो, फुप्फुसात, यकृतात, मेंदूत जातो. आणि आतड्यातही जातो, विशेषतः लहान आतड्यात. दुसऱ्या अवयवातून आतड्यात पोचणाऱ्या कॅन्सरमध्ये मेलानोमा अगदी पुढे आहे. म्हणून मेलानोमाच्या रुग्णाचा स्कॅन डोक्यापासून थेट पायाच्या तळव्यापर्यंत करतात आणि तो वाचणारे डॉक्टर आतड्याकडेही बारकाईनं बघतात.

पेट हे त्या तपासणीच्या लांबलचक इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांचं जोडनाव. पोटाशी त्याचा संबंध नाही. कॅन्सरच्या पेशी साखर हावरटासारख्या खातात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. त्याचाच इथे उपयोग करतात. साखरेसारख्या एका पदार्थाला किंचित किरणोत्सर्गी द्रव्य जोडायचं आणि ते शिरेतून टोचायचं. ज्या जागी साखर जास्त खर्च होते, ती जागा पडद्यावर उजळून दिसते. १९७६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे औषध पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. आपल्याकडे मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातलं पहिलं पेट यंत्र बसलं. आता तर सीटी स्कॅनही त्याच यंत्रात जोडलेला असतो.

अक्कांना सहा तास उपाशी ठेवलं. बोट टोचून साखर बघितली. इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं. बोलायचंही नाही, कारण ज्या स्नायूला काम पडतं तोही साखर खातो. अक्कांना तेच सगळ्यात अवघड गेलं! स्कॅन अर्ध्या तासात झाला. दुखलं-खुपलं काही नाही. त्या द्रव्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होत जातो, म्हणून त्या दिवसापुरतं लहान मुलांना आणि गरोदर बायकांना जवळ घेऊ नका, एवढंच सांगितलं.

साड्यांच्या घडीखाली

रिपोर्ट आला तेव्हा मी माहेरी गेले होते. परत आल्यावर विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. कुठे काही नाही म्हणालेत." घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. देवापुढे पेढे ठेवले.

तीन आठवड्यांनी पुढच्या तारखेला जायचं म्हणून फाईल लावायला घेतली तर रिपोर्टच सापडेना. शेवटी अक्कांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली मिळाला. माझ्या लेकीकडून वाचून घेतला. फुप्फुसात काही नाही, यकृतात काही नाही, मेंदूत काही नाही. आणि अगदी शेवटी एक ओळ. मोठ्या आतड्याच्या खालच्या, डाव्या भागात सुमारे दीड सेंटिमीटरचा एक उजळ ठिपका दिसतो आहे, दुर्बिणीतून तपासणी करून खात्री करावी.

लेक म्हणाली, "आई, काकूंनी हे माझ्याकडून त्याच दिवशी वाचून घेतलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाल्या."

मी अक्कांना एकटीला गाठलं. आधी रागावल्या, मग रडल्या. म्हणाल्या, "पायाचं झालं, जांघेचं झालं, आता आतड्याचं. किती पुरवायचं घराला? पोराचं लग्न तोंडावर आलंय. आणि तिथून दुर्बीण घालणार म्हणे. मला नको तसली तपासणी. गेले तर गेले."

मैत्रिणींनो, यातलं एकही वाक्य आपल्याला नवं नाही. पैशाची काळजी, घराची काळजी आणि त्याहून मोठी ती लाज. छातीची गाठ लाजेपायी लपवणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. शौचाच्या जागेची तपासणी म्हटलं की मग विचारायलाच नको. पण या सगळ्याच्या मुळाशी अक्कांनी मनाशी धरलेली एक पक्की समजूत होती. आतड्यात ठिपका दिसला, म्हणजे पायाचा कॅन्सर आतड्यात गेला, म्हणजे आता संपलं. ही समजूतच चुकीची निघाली.

दिवा लागलाय, आत कोण आहे?

मी अक्कांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "आजी, लांबून एखाद्या घरात दिवा लागलेला दिसतो. आत माणसं आहेत एवढंच कळतं. ती पाहुणे आहेत की चोर, ते दार उघडल्याशिवाय कसं कळणार? हा ठिपका म्हणजे तो दिवा आहे. निदान नव्हे."

मग त्यांनी आतड्यात दिवा कशाकशानं लागतो ते समजावून सांगितलं. ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते.

एक म्हणजे आतडं मुळातच थोडं उजळतं. ते सतत हलतं, काम करतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांचं आतडं तर लांबच्या लांब झगझगीत दिसतं आणि त्या उजेडात खरा ठिपका लपून जाऊ शकतो. म्हणून ही गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगावं. बऱ्याच ठिकाणी ती दोन दिवस आधी बंद करायला सांगतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

दुसरं, सूज आणि जंतुसंसर्ग. आपल्या देशात आतड्याचा टीबी हे एक मोठं कारण. टीबीची जागाही स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच उजळते. म्हणजे ज्याला आपण कॅन्सर समजून रडत बसतो, तो गोळ्यांनी बरा होणारा टीबीही असू शकतो.

तिसरं, औषधांचा परिणाम. मेलानोमावर आता शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं निघाली आहेत. त्यातलं पहिलं, इपिलिमुमॅब, २०११ साली अमेरिकेत मंजूर झालं. पाठोपाठ २०१४ साली पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब आली. या वाटेचा शोध लावणाऱ्या जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. या औषधांनी अनेकांचे प्राण वाचवले. पण जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, जुलाब लागतात, स्कॅनमध्ये आतड्याचा मोठा पट्टा उजळतो. अशा वेळी 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून ताक-भातावर आणि मेडिकलमधल्या गोळीवर दिवस काढू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. वेळेत औषध मिळालं तर सूज आटोक्यात येते, उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं.

चौथं, पॉलिप. म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. तो कॅन्सर नसतो. पण त्यातल्या काही प्रकारांचा पुढे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होतो. वेळीच काढला तर तो धोकाच उरत नाही.

पाचवं, आतड्याचा स्वतःचा, वेगळा कॅन्सर. पायाशी काही संबंध नसलेला. तो बहुतेकदा लवकरच्या पायरीवर सापडतो, कारण त्रास सुरू होण्याआधीच दिसलेला असतो.

आणि सहावं, ज्याची अक्कांना भीती होती ते. मेलानोमाच आतड्यात पोचलेला असणं.

डॉक्टर म्हणाले, पूर्ण आतडं सारखंच उजळलं असेल तर बहुतेकदा काळजीचं कारण नसतं. एकाच जागी टिकली लावल्यासारखा ठिपका असेल तर मात्र तो बघावाच लागतो. पेट स्कॅन झालेल्या लोकांच्या अनेक अभ्यासांची बेरीज केली, तेव्हा शंभरातल्या तीन-चार जणांच्या मोठ्या आतड्यात असा अनपेक्षित ठिपका दिसला होता. त्यातल्या ज्यांची दुर्बिणीतून तपासणी झाली, त्यांच्यापैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांमध्ये काढून टाकण्याजोगं काहीतरी निघालं, कॅन्सर किंवा कॅन्सर होऊ शकेल असा कोंब. उरलेल्यांत तसं काही नव्हतं. म्हणजे ठिपका दिसला की सगळं संपलं, हे खोटं. आणि ठिपका दिसला तरी काही होत नाही, हेही खोटंच.

दुर्बिणीची लाज

अक्का घरी येऊन दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तू आत येशील का माझ्याबरोबर?"

आत येऊ देत नाहीत, पण दारापर्यंत गेले. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ आणि संध्याकाळपासून जुलाबाचं औषध. अक्का म्हणतात, खरा त्रास काय तो एवढाच. रात्रभर फेऱ्या! प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन दिलं. अंगावर पूर्ण चादर होती, एक नर्सताई शेवटपर्यंत हाताला धरून उभ्या होत्या. "बाईमाणूस जवळ राहू द्या," असं आधी सांगून ठेवलं होतं. असं सांगायला अजिबात संकोच करू नये. अर्धा-पाऊण तासानं अक्का बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "झालं? मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय."

निघाला तो पॉलिप. लहान बोराएवढा. तारेच्या फासानं तिथल्या तिथे कापून काढला, टाका नाही की चिरा नाही. तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पुढेमागे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचा होता. आता ठरावीक वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायची. आणि त्यांच्या भावा-बहिणींनी, मुलांनी आपापल्या डॉक्टरांना हे सांगून ठेवायचं.

अक्का मला म्हणाल्या, "म्हणजे बघ, पायाच्या दुखण्यानं पोट वाचवलं."

सगळ्यांचंच असं होत नाही

अक्कांची गोष्ट गोड झाली, म्हणून सगळ्यांची होईल असं सांगणं खोटेपणाचं होईल. मेलानोमा आतड्यात पोचतो तेव्हा तो बहुतेकदा गुपचूप पोचतो. या कॅन्सरनं मृत्यू झालेल्यांच्या शवविच्छेदनात पन्नास-साठ टक्के लोकांच्या पोटात किंवा आतड्यात तो आढळलेला आहे. हयातीत मात्र शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच जणांमध्येच तो ओळखू येतो. का? कारण त्याची लक्षणं फार साधी असतात. रक्त कमी होणं, थकवा, मधूनच पोटात कळ येणं, जेवणावरची वासना जाणं, शौचाला काळं होणं. पुढे आतडं आतड्यात अडकून उलट्या सुरू होतात, तेव्हा धावपळ होते.

आणि आपल्या बायकांचं रक्त कमी असणं हे तर आपण धरूनच चाललेलो असतो. "हिमोग्लोबिन आठ आहे? असेल, बायकांचं असतंच." मग गूळ-शेंगदाणे, टॉनिकची बाटली. पण ज्या बाईला कधीतरी मेलानोमा झाला होता, मग त्याला पाच वर्षं होऊन गेली असली तरी, तिचं रक्त का कमी झालं हे शोधलंच पाहिजे. ते आतड्यातून थेंबथेंब जात असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, म्हणून कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही डॉक्टरांना सांगावं. आणि स्कॅन स्वच्छ आला म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नये. बारीक गाठ स्कॅनमध्ये सुटू शकते, आणि मोठ्या आतड्याची दुर्बीण लहान आतड्यात दूरवर पोचत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात.

आतड्यात मेलानोमा निघाला तरी आज हात टेकण्याचे दिवस राहिले नाहीत. गाठ एक-दोनच असेल तर ऑपरेशन करता येतं. नवी औषधं आहेत. ती महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, हेही खरं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ साली यकृतात आणि मेंदूत पसरलेला होता, तेव्हा त्यांचं वय नव्वद होतं. त्यांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब मिळालं. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले आणि शंभरी गाठून २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले.

आणखी एक. प्रत्येक ठिपक्याच्या मागे धावायलाच हवं असंही नाही. रुग्ण खूप थकलेला असेल, मूळ आजारच पुढे गेलेला असेल, तर दुर्बिणीचा त्रास द्यायचा की नाही, हे डॉक्टर, रुग्ण आणि घरच्यांनी बसून ठरवायचं असतं. पण ठरवायचं असतं. साड्यांखाली ठेवून विसरायचं नसतं.

रिपोर्ट हातात आला की

• रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचून किंवा वाचून घ्या. आपण ज्यासाठी गेलो ते 'नाही' आलं, की बाकीचं वाचायचं राहून जातं.

• डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हा ठिपका एका जागी आहे की सगळीकडे पसरलेला? माझ्या औषधांमुळे असू शकतो का? पुढची तपासणी कोणती आणि किती दिवसांत करायची?

• मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वी झालेला टीबी, नुकतेच झालेले जुलाब, जुनी ऑपरेशनं, हे सगळं स्कॅनच्या आधीच सांगा.

• जुने रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी एकाच फाईलमध्ये ठेवा. आधीच्या चित्राशी ताडून बघता आलं तर डॉक्टरांना बरंच काही कळतं.

• खर्चाची काळजी असेल तर ती मनात ठेवू नका. सरकारी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. योजनेत काय बसतं, काय नाही, ते त्यांना विचारा.

• आणि निदान एका माणसाला तरी खरं सांगा. नवरा, मुलगी, जाऊ, शेजारीण, कुणीही.

अक्कांच्या तपासण्या अजून चालू आहेत. दर तारखेला पोटात गोळा येतोच, त्यांच्याही आणि माझ्याही. पण रिपोर्ट आता साड्यांखाली जात नाही, देवघराशेजारच्या फळीवर असतो. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कांनी वाण लुटता लुटता येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "घरी गेल्यावर पाय धू आणि तळवा उलटा करून उजेडात बघ. काळं काही दिसलं तर सुई लावू नको, डॉक्टरला दाखव." बायका हसल्या. पण मला खात्री आहे, त्या रात्री आमच्या गल्लीत बऱ्याच जणींनी आपले तळवे बघितले असणार.

तुम्हीही बघा. आणि घरात कुणाचा रिपोर्ट कपाटात तसाच पडलेला असेल, तर तोही एकदा काढून शेवटपर्यंत वाचा.